फायब्रोमायल्जिया: चालणं बरं की कोमट पाण्यातला व्यायाम?

फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर सतत दुखणं आणि थकवा; त्यात डॉक्टर व्यायाम करा म्हणाले की आधी रागच येतो, इथे केस विंचरायला हात वर जात नाही आणि हे काय सांगतायत, पण २०१६ च्या युरोपियन गाइडलाइन्समध्ये ठाम शिफारस फक्त व्यायामाचीच आहे, गोळ्यांची नाही.

पाण्यात अंगाचा भार हलका होतो, गुडघे कुरकुरत नाहीत, उबेने आखडलेले स्नायू सुटतात. हालचालीचीच भीती बसली असेल तर सुरुवात इथूनच करा, मनापासून सांगते. फक्त आपल्याकडे कोमट पाण्याचा पूल शोधत फिरावं लागतं, आणि गार पाण्यात बऱ्याच जणांचं दुखणं वाढतं.

चालायला काहीच लागत नाही, घराखाली पाच मिनिटं. पण बरा दिवस उजाडला की आपण हुरूपाने तासभर चालतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात, माझं असं कितीदा झालंय. म्हणून बऱ्या दिवशीसुद्धा ठरलंय तेवढंच, आठवड्याला एखादं मिनिट वाढवायचं.

मी चालणंच धरलं, कारण ते रोज जमतं. सहा महिन्यांत दुखणं गेलं नाहीये, पण झोप लागते आणि सकाळी चहाचं पातेलं माझं मी उचलते.