‘वॉटरप्रूफ’ तापमान प्रोब: पाच घेतले, चौदा महिने वापरले

एका सकाळी माझ्या फिश टँकचं तापमान ८५ अंश होतं. मासे मजेत पोहत होते.

८५ हा प्रोबच्या आतल्या डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या चिपचा (सेन्सरचा) वीज मिळताच दाखवायचा ठरलेला आकडा. मोजण्याआधीच वाचलं किंवा मध्येच वीज गेली-आली, की तो येतो. दुपारी -१२७ दिसायला लागलं. सेन्सर सापडत नसला की आर्डुइनोची, म्हणजे प्रोब वाचणाऱ्या छोट्या बोर्डाची लायब्ररी (तयार कोड) हा आकडा देते. तारा हलवून पाहिल्या, जोडण्या तपासल्या, सगळं ठीक. मग कळलं, पाणी शिरलंय.

हे प्रोब सगळ्यांच्या पाहण्यातले आहेत. ६ मिमी जाड, ५० मिमी लांब स्टीलची नळी, मागे मीटरभर काळी केबल, आत लाल, काळी, पिवळी अशा तीन तारा. पाकिटावर ‘वॉटरप्रूफ’ आणि शेजारी आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी किती रोखतं याचा दर्जा. पण आयपी६८ म्हणजे किती खोल आणि किती वेळ, हे ज्याचं त्याने सांगायचं असतं. आयपी६७ला निदान एक मीटर, ३० मिनिटं असा ठरलेला हिशेब आहे. माझ्या पाकिटावर खोलीही नव्हती आणि वेळही नव्हता. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आधी चांगलं सांगतो. सेन्सर म्हणून ही चीज मला आवडते. प्रत्येकाचा स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असतो, त्यामुळे पाचही प्रोब एकाच डेटा तारेवर, एका ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरवर चालले. सर्वात बारीक मापनावर (१२ बिट) ०.०६२५ अंशाची पायरी मिळते, फक्त एका मापनाला पाऊण सेकंद थांबावं लागतं. -१० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाची अचूकता हवी, म्हणून आल्याआल्याच बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात पाचही बुडवून ठेवले. चार शून्याच्या ०.३ आत आले. पाचवा ०.६ वर अडून बसला. आतली चिप अस्सल नसावी, असा माझा संशय आहे.

आता मेलेल्या प्रोबकडे येऊ. हॅकसॉने नळी उभी कापली. गोंद होता फक्त तोंडाशी, जेमतेम सात-आठ मिमी. त्यापुढे नुसती पोकळी, आणि तळाशी चिपचे तीन पाय हिरव्या बुरशीसारख्या थराने माखलेले. तोंडावरची हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी नखाने ओढली तर अख्खी सुटून आली, आतून चिकट थर नव्हताच. पाणी स्टीलमधून येत नाही, केबलच्या बाजूने येतं, हे इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. शिवाय आत हवा कोंडलेली. पाणी गार झालं की ती आकसते आणि फटीतून थेंबभर पाणी ओढून घेते, तापलं की हवा बाहेर टाकते. माझा टँक जेमतेम ४५ सेंमी खोल, म्हणजे दाबाचा यात काही हात नाही. दर आठवड्याला पाणी बदलताना मीच तो पंप चालवत होतो!

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘केबल वाकवली असेल.’ केबल वाकवायची नसेल तर ती टँकमध्ये सोडायची कशी?

उरलेल्या चारांची परीक्षा त्यावरूनच सुचली. प्रोब गार करायचा आणि साठेक अंशांच्या पाण्यात केबलसकट बुडवायचा. दोन प्रोबांच्या तोंडाशी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. बाकी दोन गप्प.

बुडबुडेवाल्या दोघांची दुरुस्ती केली. नळीपासून तीन सेंमीवर केबल कापली, वरचं आवरण सोलून तिन्ही तारा सोल्डरने भरून जोडल्या, कारण बारीक तारांच्या मधूनही पाणी वातीसारखं चढतं आणि सोल्डरचा गठ्ठा ती वाट बंद करतो. नळीचं तोंड आणि सांधा दोन्ही झाकेल असा प्लॅस्टिकचा तुकडा वर सरकवून त्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) ओतलं. केबलच्या पीव्हीसी आवरणावर इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून केबल आधी सँडपेपरने खरवडली. इपॉक्सी किंचित कोमट करून सावकाश ओतलं तर हवा निघून जाते. शेवटी चिकट थराची हीट श्रिंक, नाहीतर कडक इपॉक्सीच्या काठावर केबल मोडते. (हीट श्रिंक सोल्डरच्या आधी केबलवर ओवून ठेवा. मी विसरलो, एक सांधा पुन्हा तोडला.) सिलिकॉन वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते तांबं खातं. न्यूट्रल प्रकारचं मिळतं.

समुद्री मासे ठेवणाऱ्यांनी स्टीलचा दर्जाही विचारावा. ३०४ला खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात, ३१६ जास्त टिकतं.

तर पाचपैकी तीन तारे देतो, आणि तेही चिपला. नळी आणि गोंद मिळून एकसुद्धा कमावत नाहीत. कायम पाण्याबाहेरच वापरायचा असेल तर बिनधास्त घ्या. पाण्यात टाकायचा असेल तर बुडबुड्यांची परीक्षा घेतल्याशिवाय सोडू नका.

दुरुस्त केलेले दोन्ही सात महिने टँकमध्ये आहेत, आत्ता २५.८ आणि २५.९ दाखवतायत. तो ०.६ चुकणारा पाचवा मात्र परीक्षेत गप्प राहिलेल्या दोघांपैकी एक निघाला. सील एकदम पक्कं. तो आता खिडकीत लटकून कोरड्या हवेचं तापमान मोजतो.