ग्रीन कार्ड टिकवावे, की अमेरिकेचे नागरिकत्व घ्यावे?

आई-वडिलांसाठी पुण्यात परतायचे ठरले, की कोथरूड-औंधमधील अनेक घरांत हा प्रश्न निघतो. अमेरिकी न्याय विभागाने जून 2025 मध्ये नागरिकत्व रद्द करण्याच्या दाव्यांना प्राधान्य दिल्यापासून 'ग्रीन कार्डच बरे' असे मला वरचेवर ऐकू येते.

ही भीती निराधार नाही. अशा दिवाणी दाव्याला कालमर्यादा नसल्यामुळे जुन्या अर्जातील लपवाछपवी कधीही उकरून काढता येते. मात्र सरकारला न्यायालयात जाऊन स्पष्ट आणि निःसंदिग्ध पुरावा द्यावा लागतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात 2017 च्या मास्लेन्याक खटल्यात मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आपणही पूर्वी 55 मैलांच्या मर्यादेत 60 च्या वेगाने गाडी चालवल्याचे सांगून, एवढे अर्जात लिहायचे राहिले तर नागरिकत्व जाणार का, असे सरकारी वकिलांना विचारले होते. ज्या खोटेपणाचा नागरिकत्व मिळण्याशी संबंधच नाही, तेवढ्यावरून ते काढता येत नाही, असा निकाल पुढे एकमताने लागला.

ग्रीन कार्ड जाण्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. पुण्यात राहणे पुरते. वर्षभराहून अधिक बाहेर राहायचे, तर पुनर्प्रवेश परवाना हवा, तो फार तर दोन वर्षांचा, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत उपस्थित राहूनच करायचा. वडिलांचे डायलिसिस सुरू असताना केवळ अर्ज आणि बोटांचे ठसे यांसाठी मला तिकडे जाऊन थांबावे लागले आणि अमेरिकेत शिरताना विमानतळावर 'तुम्ही नक्की राहता कुठे?' याचे उत्तर द्यावे लागले. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. उलट, मायदेशी तीन वर्षे राहिल्यास मिळवलेले नागरिकत्व जाईल, ही तरतूद तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्येच घटनाबाह्य ठरवली आहे.

नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट आणि मतदान सुटते, हे मला अजूनही खटकते. त्यानंतर भारतात राहण्यासाठी मिळणारे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचे कार्ड) हेही अढळ नव्हे. कायदेभंगावरून केंद्र सरकार ते रद्द करू शकते, फक्त 2019 च्या दुरुस्तीनुसार आधी म्हणणे ऐकून घ्यावे लागते. तरीही ज्यांचे जुने कागद स्वच्छ आहेत, त्यांना नागरिकत्वच अधिक सोयीचे पडेल, असे मला वाटते. नाव, लग्न किंवा अटक यांबाबत काही दडवलेले असेल, तर अर्जापूर्वी वकील गाठावा. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती घेता येत नाही.