दर्यापूर बसस्टँडमागचं रिपेअरिंगचं दुकान: फॉरमॅट न मारता लॉगिन करून दिलं

आधीच सांगतो, दुकान दिसायला काहीच नाही. एक शटर, बाहेर मोबाईलचे कव्हर टांगलेले, आत दुसरा माणूस उभा राहिला तर पहिल्याला बाहेर यावं लागते. बोर्डवर लॅपटॉपचा उल्लेखही नाही, मलाच पानठेल्यावर कळलं.

माझा लॅपटॉप २०१२ चा, ४ जीबी रॅम. विंडोज सेव्हनचा सपोर्ट जानेवारी २०२० मधे बंद झाला तेव्हा पुतण्यानं त्यात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट १९.३ ही फुकटची सिस्टीम टाकून दिली, एक्सएफसीईवाली, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आणि त्यानंतर मशीन असं पळायला लागलं की नवीन घ्यायचा विचारच सोडला. कृषी केंद्राची सगळी उधारी त्यातच आहे. आणि ऐन पेरणीच्या तोंडावर याचं नाटक सुरू झालं, पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी, वाटते आला आता डेस्कटॉप, अन् परत लॉगिनचंच पान. वीस वेळा तरी केलं असंल. मग माझ्या पोरानं यूट्यूबवर पाहून काळ्या स्क्रीनमधे सुडो स्टार्टएक्स मारलं, म्हणजे मालकी हक्कानं डेस्कटॉप सुरू करायची कमांड, ते पुढं भोवलंच.

आधी शहरातल्या एका मोठ्या दुकानात नेला होता. एसी, काउंटर, टोकन, सगळं. तिथं लिनक्स म्हटल्याबरोबर म्हणे फॉरमॅट करून विंडोज टाकून देतो, आठशे रुपये. आणि उधारीचं काय? तर म्हणे बॅकअप घ्यायला पाहिजे होता. उचलला अन् घरी आलो.

मग बसस्टँडमागच्या या दुकानात आलो. इथल्या पोरानं लॅपटॉप उघडायच्या आधी मलाच पासवर्ड टाकायला लावला, मग मुद्दाम चुकीचा टाकायला लावला. चुकीच्याला लगेच मेसेज आला, बरोबरला नुसती काळी झपकी. "पाहा काका, पासवर्ड चुकला असता तं त्यानं तोंडावर सांगतलं असतं. हा तुम्हाले आत घेऊन बाहेर ढकलून राह्यला." एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती!

मग कंट्रोल, ऑल्ट, एफ टू (माझ्या कीबोर्डवर एफएन पण दाबावं लागते), काळ्या स्क्रीनवर लॉगिन, तिथं मात्र झटक्यात आत. डीएफ डॅश एच ही जागा दाखवणारी कमांड मारली तर डिस्क १०० टक्के भरलेली. टाइमशिफ्ट नावाचं जे बॅकअपवालं असते ते त्याच डिस्कवर स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमच्या नकला, घेत बसलं होतं, इतके दिवस कोणी पाहिलंच नाही. लॉगिन होताना होम फोल्डरमधे डॉट एक्सऑथॉरिटी नावाची एक बारकी फाईल लिहावी लागते म्हणे, डिस्कवर जागा नसली की ती लिहिता येत नाही अन् डेस्कटॉप उभाच राहत नाही. जुने स्नॅपशॉट उडवले, एपीटी क्लीन मारून डाउनलोडचा कचरा काढला, बरीच जागा मोकळी झाली.

आणि तरी लॉगिन झालं नाही. इथं तो पोरगा मला आवडला, हात नाही टेकले. एलएस डॅश एल करून फाईलचा मालक कोण ते दाखवलं, त्या डॉट एक्सऑथॉरिटीचा मालक मी नव्हतोच, रूट होता, म्हणजे सिस्टीमचा मुख्य वापरकर्ता. हे आमच्या चिरंजीवांच्या सुडोचं फळ. "वाडा तुमचा, अन् कुलूप लावलं दुसऱ्यानं." चाऊन (chown) नावाची मालक बदलायची कमांड मारून फाईल परत माझ्या नावावर केली, चार ओळी टाईप केल्या नसतील, अन् डेस्कटॉप आला. उधारीची शीट जशीच्या तशी.

दोनशे रुपये घेतले. मधे अर्धा तास लाईट गेली होती अन् माझी बॅटरी मेलेली, तेवढा वेळ चहा पण त्यानंच पाजला.

तक्रार आहे, नाही असं नाही. फोन उचलतच नाही, पावती मागितली तर हसला, आणि धूळ साफ करतो म्हणून खालचं झाकण उघडलं होतं तर घरी येऊन पाहतो तं एक स्क्रू गायब. त्यानंच सांगितलं की मिंट १९ चा सपोर्ट एप्रिल २०२३ मधेच संपला, नवीन टाकून घ्या. कापूस निघाला की जाईन, तेव्हा स्क्रूचंही विचारतो. कोणाला जायचं असंल तर चार्जर सोबत न्या, त्याच्याजवळचा कोणत्याच लॅपटॉपला बसत नाही.