मास आणि पॅकर: स्वतःच्या डिस्क इमेज, आठ महिने वापरून

महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आमचे बावीस सर्व्हर आहेत. सगळे बेअर मेटल, मध्ये व्हर्च्युअलायझेशनचा थर नाही. पूर्वी एखाद्यावर ओएस टाकायची तर ठाण्याहून पेनड्राइव्ह खिशात घालून निघायचं आणि त्या गारठ्यात कीबोर्ड जोडून उभ्या उभ्या इन्स्टॉलर चालवायचा. जो जाईल तो आपल्या मनाने पार्टिशन करणार. सहा महिन्यांनी कुठल्या सर्व्हरवर काय आहे ते फक्त त्यालाच ठाऊक, आणि तो तोवर नोकरी सोडून गेलेला. त्यांवर चालणाऱ्या सेंटओएस ७ या लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. त्यानंतरही आमचं घोडं बराच काळ अडलेलंच होतं, पण शेवटी सगळे सर्व्हर नव्याने टाकायचं ठरलं आणि आम्ही मासकडे वळलो.

मास हे कॅनॉनिकलचं ओपन सोर्स साधन. सर्व्हर पीएक्सईने नेटवर्कवरून बूट होतो, आधी रॅममध्येच एक उबंटू उठतं, त्यातला कर्टिन हा प्रोग्राम आपली इमेज, म्हणजे आधीच बसवून ठेवलेल्या ओएसची तयार प्रत, डिस्कवर उतरवतो. मग रीबूट, आणि डिस्कवरून उठल्यावर क्लाउड-इनिट हा प्रोग्राम सर्व्हरचं नाव, दुरून लॉगिन करायची एसएसएच की वगैरे बसवतो. तयार उबंटू इमेज वापरणाऱ्याचं काम पहिल्याच दिवशी होतं. आम्हाला हवं होतं रॉकी लिनक्स ९, तेही आमच्या मॉनिटरिंग एजंटसकट आणि ऑडिटवाल्यांच्या सेटिंगसकट. म्हणून पॅकर. ते क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, उठवतं, किकस्टार्टवरून (इन्स्टॉलरला उत्तरं आधीच देणारी फाइल) इन्स्टॉल करतं आणि शेवटी डिस्कची फाइल हातात देतं. माससाठीची तयार टेम्प्लेटं कॅनॉनिकलने गिटहबवर ठेवलेली आहेत. तीच घ्या. आम्ही नको तो शहाणपणा करून किकस्टार्ट स्वतः लिहिली.

इमेजचं माहेर म्हणजे ती व्हीएम, आणि तिथल्या सगळ्या सवयी ती बरोबर घेऊन येते. आठ महिन्यांतल्या बहुतेक भानगडी या एका गोष्टीतून निघाल्या.

पहिलीच इमेज. व्हीएममध्ये झकास चालली, मासने डिस्कवर लिहिलीही. रीबूटनंतर कन्सोलवर ड्रॅकटच्या (बूटची सुरुवात सांभाळणारं साधन) टाइमआउटच्या ओळी एकाखाली एक सुरू झाल्या, रूट डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, सापडत नाही अशी तक्रार आली आणि सर्व्हर इमर्जन्सी शेलवर येऊन थांबला. शेलमध्ये पाहिलं तर एकही डिस्क दिसत नव्हती. मी आधी डिस्क जोडणाऱ्या रेड कार्डावर संशय घेतला, मग केबलवर, आणि सहकाऱ्याला महापेला पिटाळलं. तो बिचारा ड्राइव्ह काढून-घालून परत आला. कार्ड, केबल सगळं ठीकच होतं. ड्रॅकट मुळात होस्टओन्ली पद्धतीने इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये येणारी छोटी फाइल सिस्टिम) बांधतं, म्हणजे ज्या मशीनवर बांधलं तिला लागणारेच ड्रायव्हर आत. व्हीएमला आभासी डिस्कचा व्हर्टआयओ ड्रायव्हर पुरे होता, त्यामुळे रेड कार्डाचा मेगारेड ड्रायव्हर आत आलाच नव्हता. उलगडा झाला तो ग्रबच्या (बूट लोडरच्या) मेन्यूतली रेस्क्यूची नोंद सहज निवडली तेव्हा. तिचं इनिटरॅमएफएस सर्वसाधारण असतं, सगळे ड्रायव्हर घेऊन, त्यामुळे त्याच डिस्कवरून सर्व्हर सुतासारखा सरळ उठला. उपाय एका ओळीचा: किकस्टार्टच्या पॅकेजांमध्ये ड्रॅकट-कॉन्फिग-जेनेरिक घाला. या ओळीसाठी आमचे दोन दिवस गेले. व्हीएम काही सेकंदांत उठते, खऱ्या सर्व्हरचा मेमरी तपासण्यातच चार-पाच मिनिटं वेळ जातो, आणि एका डिप्लॉयमेंटमध्ये तो दोनदा बूट होतो. त्यामुळे चुकीचा प्रत्येक प्रयोग अर्धा तास खातो.

दुसरी सवय मशीन-आयडीची, म्हणजे प्रत्येक मशीनची वेगळी ओळख ठेवणाऱ्या फाइलची. काही सर्व्हरसाठी उबंटूचीही इमेज बनवली होती, त्यात ही फाइल रिकामी करायची राहिली. स्टोरेजचं नेटवर्क डीएचसीपीवर होतं, म्हणजे आयपी पत्ते आपोआप वाटले जायचे. उबंटू सर्व्हरमध्ये डीएचसीपीला दिली जाणारी ओळख मशीन-आयडीवरून तयार होते, आणि सारख्या मॉडेलच्या सर्व्हरवर इंटरफेसची नावंही सारखीच. दोन सर्व्हरना एकच आयपी मिळाला. एसएसएच कधी आत घ्यायचं, कधी होस्ट की बदलल्याची बोंब मारायचं. आता पॅकरच्या शेवटच्या स्क्रिप्टमध्ये क्लाउड-इनिट क्लीन मशीन-आयडीच्या पर्यायासह चालवतो.

अपलोडबद्दल. ब्राउझर विसरा, कमांड लाइनवरूनच करा. मास स्नॅप या उबंटूच्या पॅकेज पद्धतीतून टाकलं असेल तर इमेज टेम्प फोल्डरमध्ये ठेवू नका, कारण स्नॅपचं टेम्प वेगळं असतं. फाइल डोळ्यांसमोर असते आणि कमांड म्हणते, अशी फाइलच नाही. होम फोल्डरमध्ये हलवली की मुकाट चढते. फाइलटाइप न विसरता लिहा. दिला नाही तर मास टीजीझेड, म्हणजे दाबलेली टार फाइल, धरून चालतं. मी डीडीची (अख्ख्या डिस्कची) गझिप इमेज तशीच चढवली, अपलोड बिनतक्रार झालं, आणि डिप्लॉय करताना टार उलगडेना तेव्हा कळलं.

टीजीझेड की डीडी, हा प्रश्न मला बरेचजण विचारतात. टीजीझेडमध्ये फक्त फाइली असतात, त्यामुळे पार्टिशन, एलव्हीएम, सॉफ्टवेअर रेड मास हव्या तशा मांडतं. डीडी इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कचा साचा, जशी बनवली तशीच बसणार. आम्ही रॉकीला डीडी ठेवली आणि डेटाच्या डिस्क नंतर अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनाने लावतो. एक करा: पॅक करण्याआधी मोकळी जागा शून्यांनी भरा. डिलीट केलेल्या फाइलींचा कचरा ब्लॉकमध्ये तसाच राहतो आणि गझिपला तो दाबता येत नाही. आमची इमेज ३ जीबीवरून दीडच्या आत आली. घरून व्हीपीएनवर चढवणाऱ्याला हा फरक समजेल.

मास ३.४ वरून ३.५ वर जाणं त्रासाचं झालं नाही. ३.५ पासून इमेज पोस्टग्रेच्या डेटाबेसऐवजी रीजन कंट्रोलरच्या, म्हणजे मासच्या मुख्य सर्व्हरच्या, डिस्कवर राहतात. आमचा डेटाबेसचा बॅकअप एकदम हलका झाला. डिस्कवर तेवढी जागा आधी करून ठेवा.

नव्या दोन सर्व्हरनी मात्र पुन्हा नाचवलं. त्यांच्या एनव्हीएमई ड्राइव्ह ४०९६ बाइटच्या सेक्टरवर फॉरमॅट केलेल्या होत्या, आमची इमेज ५१२ ची. जीपीटीचा, म्हणजे पार्टिशनच्या तक्त्याचा, हेडर सेक्टर क्रमांक १ मध्ये असतो, आणि तो क्रमांक दोन्हींकडे वेगळ्या जागी पडतो, मग फर्मवेअरला डिस्क कोरीच दिसते. ड्राइव्ह ५१२ वर फॉरमॅट करून घेतल्या. त्यात डेटा जातो, पण तेव्हा होताच कुठे!

मासला मी पाचपैकी चार देईन. चार-पाचच सर्व्हर असतील तर या फंदात पडू नका, पेनड्राइव्ह बरा.

आता दर महिन्याला नवी इमेज बनते, नावात तारीख असते, आणि आधी ती आमच्या सर्वांत जुन्या सर्व्हरवर चढते. टीममध्ये त्याला आजीबाई म्हणतात. आजीबाईवर उठली की मग एका नव्यावर, आणि नंतरच बाकीच्यांवर. परवा आजीबाईचा एक पॉवर सप्लाय गेला. सध्या ती दुसऱ्यावर तग धरून आहे, त्यामुळे या महिन्याची इमेज अजून फोल्डरमध्येच पडून आहे.