पाच तारांच्या बेसला सेट घेताना आधी बी बघा

पाच तारांच्या बेस गिटारसाठी स्ट्रिंग्ज घ्यायच्या म्हटलं की लोक आधी ब्रँड विचारतात, मग निकेल का स्टील, आणि गेज, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली तारेची जाडी, बघितलाच तर तो सगळ्यात बारीक जी चा, म्हणजे ४० का ४५. मला तरी हे उलटं वाटतं. पाकिटावरचा शेवटचा आकडा आधी वाचा आणि त्याच्या अलीकडचा पण, म्हणजे सगळ्यात जाड बी आणि तिच्या शेजारची ई. या दोघींचं एकमेकींशी जमलं तर कुठल्याही बऱ्या कंपनीच्या सेटमध्ये ए, डी, जी नीटच वाजतात, आणि नाही जमलं तर कितीही भारी सेट लावा, हात बी वर जायला कचरतो आणि मग पाचवी तार नुसती अंगठा टेकवायला उरते.

सध्या माझ्या बेसवर डॅडारिओचा एक्सएल निकेल सेट आहे, ४५-६५-८०-१००-१३० वाला, आणि पाच तारांवर नवीन असलेल्या कुणालाही मी आधी हाच सांगतो. कारण साधं आहे. ३४ इंची स्केलवर, म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असताना, नेहमीच्या ट्यूनिंगला यातल्या १३० च्या बी वर साधारण ३४-३५ पाउंड ताण येतो आणि १०० च्या ई वर ३६-३७, म्हणजे ई वरून बी वर आलं तरी बोटाला दोन्ही तारा एकाच घरातल्या वाटतात. आता याच कंपनीची १०५ ची ई घ्या, तिच्यावर ताण ४० च्या आसपास जातो, आणि शेजारी बी मात्र तीच १३० ठेवली तर फरक एकदम ५-६ पाउंडांचा होतो आणि बी लोंबकळल्यासारखी लागते, खरं तर तिच्यात काहीच बदललेलं नसतं. ४५-१०५-१३० असे सेट बऱ्याच कंपन्या विकतात आणि ते वाईट आहेत असं अजिबात नाही, पण ज्याला १०५ ची ई आवडते त्याने बी १३५ ची घ्यावी असं माझं ठाम मत आहे. तारा एकाच जातीच्या असतील तर १३० वरून १३५ वर गेल्यावर ताण हिशोबाने साधारण ७-८ टक्के वाढतो, हाताला लगेच कळतो.

मग आणखी जाड का नाही, १४५ का नाही, असं वाटू शकतं. बी चा मूळ सूर ३०.८७ हर्ट्झ आहे, आणि बहुतेक बेस कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचे खोके, ४० हर्ट्झच्या खाली झपाट्याने ढिले पडतात, म्हणजे आपण बी म्हणून जे ऐकतो ते मुख्यत्वे ६२ हर्ट्झ आणि त्याच्या वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, असतात. तार जितकी जाड तितकी ती ताठर, आणि ताठर तारेचे हार्मोनिक्स जागेवरून थोडे वर सरकतात, म्हणून खूप जाड बी ताणाला छान वाटते पण आवाज गढूळ येतो, सूर नक्की कुठला ते कानाला पटकन कळत नाही. ट्यूनरपण अशा तारेवर भिरभिरत राहतो. नेहमीच्या ट्यूनिंगला १२५ ते १३५ एवढीच रेंज कामाची आहे. ए पर्यंत उतरवून वाजवणार असाल, म्हणजे २७.५ हर्ट्झ, तर गोष्ट वेगळी, तिथे १४५ ला अर्थ आहे.

स्केल लेंग्थ मोजल्याशिवाय सेट घेऊच नका. ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ३४ ऐवजी ३५ इंची बेस असेल तर त्याच तारेवर जवळपास ६ टक्के जास्त ताण मिळतो, आणि ३५ इंचीवर १२५ ची बी लावली तर ती ३४ इंचीवरच्या १३० एवढीच ताठ लागते, वर आवाज जरा मोकळा. डिंगवॉल कंपनीच्या फॅन्ड फ्रेटवाल्या (फ्रेट्स पंख्यासारखे तिरपे, त्यामुळे प्रत्येक तारेची लांबी वेगळी) काही बेसवर बी ३७ इंची असते, तिथे हाच फरक १८ टक्क्यांवर जातो, म्हणून त्या बेसची बी ऐकून 'कुठली तार लावली' असं विचारण्यात फार अर्थ नाही, निम्मं काम त्या लांबीचं आहे. तारा बॉडीतून मागून ओवायच्या असतील तर सेट तेवढा लांब आहे का हेपण बघा, नाहीतर तार गुंडाळायच्या खुंटीपर्यंत नीट पोचत नाही.

टेपर्ड बी बद्दल थोडं सविस्तर, कारण हिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात. यात ब्रिजच्या टोकाला वरचे थर काढलेले असतात, त्यामुळे सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावर, तार बारीक बसते, तिथे नीट वाकते आणि वरच्या फ्रेट्सवर सूर जास्त खरा येतो. ज्या बेसची बी बाराव्या फ्रेटनंतर बेसूर होते आणि सॅडल मागे सरकवायला जागाच उरलेली नाही, त्याला टेपर्ड बी लावून बघाच. फक्त सॅडल थोडं वर उचलावं लागेल, कारण तार खाली बसते.

धातूचं म्हणाल तर निकेल प्लेटेड हा मधला मार्ग, बोटाला मऊ आणि फ्रेट्स कमी झिजतात. स्टेनलेस स्टील जास्त धारदार, पिक आणि स्लॅपला मजा येते, आणि बी चे वरचे हार्मोनिक्स उठून येत असल्यामुळे बी पण स्पष्ट कळते. रोटोसाउंडचा स्विंग बेस ६६ याच जातीचा, १९६६ मध्ये द हू च्या जॉन एंटविसलबरोबर काम करून बनवलेला, मला त्याची करकर फार आवडते पण रोज तासन् तास वाजवायला नाही. एलिक्सरसारख्या कोटेड तारा घाम जास्त येणाऱ्यांसाठी खरंच चांगल्या, बऱ्याच टिकतात, स्पर्श मात्र गुळगुळीत लागतो, तो आवडायला हवा.

फ्लॅटवाउंडचा, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारांचा, मी चाहता आहे, पण पाच तारांवर जपून. ई ते जी फ्लॅट्स सुंदर वाजतात, बी वर मात्र आधीच कमी असलेले वरचे हार्मोनिक्स आणखी दबतात आणि नुसता धप्प आवाज उरतो. शिवाय फ्लॅट्समध्ये ताणाचा फरक प्रचंड आहे, डॅडारिओच्या क्रोम्स ताठ, थोमास्टिकच्या जाझ फ्लॅट्स एकदम लवचिक, त्यामुळे नुसता गेज वाचून काही कळत नाही, ताणाचा तक्ता बघावाच लागतो.

मुळात खालची बी ही तशी उशिरा आलेली गोष्ट आहे. फेंडरने १९६५ मध्ये काढलेल्या बेस फाइव्हला पाचवी तार होती ती वरची सी, बी नाहीच. म्हणजे कंपन्यांनी ई ते जी वर कितीतरी जास्त काळ मेहनत घेतली आहे, आणि म्हणूनच माझ्या मते सेटचा खरा दर्जा बी वरच कळतो.

लावताना दोन गोष्टी सोडू नका. जाड तार कापायच्या आधी जिथे कापायची तिथे काटकोनात वाकवा आणि मगच कापा, विशेषतः राउंड कोअर, म्हणजे आतली तार गोल, असेल तर, नाहीतर वेटोळं आतल्या तारेवरून सुटतं आणि ती बी कायमची मेली. आणि लावून ट्यून झाल्यावर नटजवळ (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडलजवळ तार बोटाने हलकी दाबून घ्या, म्हणजे ती तिथे कमानीसारखी उभी न राहता सरळ उतरते. कितीतरी 'खराब' बी एवढ्यानेच सुधारतात. १२५ वरून १३५ वर जाणार असाल तर नटची खाच पण तपासा, तार खाचेच्या वरच बसली तर पहिल्या फ्रेटवरचा सूर चढा येतो आणि दोष उगाच तारेला लागतो.