दांडिया बाजारच्या घरी जुन्या लॅपटॉपवर डेबियनचा सर्व्हर: अकरा महिन्यांनंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं, तेव्हा काकांच्या तळमजल्यावरच्या घरातला कॉम्प्युटर पाण्याखाली गेला. आजोबांच्या वेळेपासूनचे स्कॅन केलेले फोटो त्यात होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यानंतर दिवाळीत मी आमच्या दुसऱ्या मजल्यावर घरचा सर्व्हर उभा केला.

सेकंडहँड थिंकपॅड, ८ जीबी रॅम, आत १ टीबीची एसएसडी, रोजच्या प्रतीसाठी यूएसबीवर ४ टीबीची डिस्क. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. फोटो साठवून दाखवायला इमिच, घरात फाइली शेअर करायला सांबा. आमचं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे बाहेरचा एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नव्हता. बाहेरून टेलस्केल या खाजगी नेटवर्कने (व्हीपीएन) येतो. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये, एवढं सेटिंग पहिल्याच दिवशी बदलावं लागलं.

लॅपटॉप निवडला याचं समाधान लाइट गेली की वाटतं. बॅटरी हाच यूपीएस. सतत चार्जरवर राहून ती फुगू नये म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलंय. एरवी १० वॉटच्या आसपास वीज खातो, म्हणजे महिन्याला सातेक युनिट. उत्तरायणात मांज्याने गच्चीवरची फायबरची वायर तुटली, दोन दिवस नेट नव्हतं, पण घरातल्या वायफायवर सगळे फोटो चालू होते. पाहुण्यांनी टीव्हीवर आजीचे जुने फोटो बघितले.

खरा त्रास झाला तो मार्चमध्ये. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट केलं आणि ते वर आलंच नाही. बाहेरच्या डिस्कची केबल सैल झाली होती. सिस्टीमने दीड मिनिट वाट पाहिली आणि इमर्जन्सी मोडमध्ये गेली, एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरायची सोय, तीसुद्धा बंद. मी एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नकोस) घातलं आणि प्रश्न मिटला असं धरून चाललो.

दोन आठवड्यांनी केबल पुन्हा सैल. या वेळी रीस्टार्टनंतर मशीन व्यवस्थित वर आलं, आणि प्रत काढणाऱ्या रात्रीच्या आरसिंकने रोजची प्रत, डिस्क एरवी जिथे जोडली जाते त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे आतल्या एसएसडीवरच, ओतली. सकाळी आई म्हणाली, "अरे, फोटो उघडतच नाहीयेत." एसएसडी १०० टक्के भरून इमिचचा डेटाबेस थांबला होता. मी घाईने केबल नीट बसवून डिस्क माउंट केली, म्हणजे त्या फोल्डरला जोडली, तर चूक आणखी लपली: फोल्डरमध्ये आता डिस्कवरचा माल दिसायचा आणि ओतलेल्या फाइली त्याच्याखाली झाकलेल्या. एकूण उरलेली जागा सांगणारी 'डीएफ' कमांड म्हणे जागा नाही, फाइलींचे आकार मोजणाऱ्या 'डीयू'ची बेरीज मात्र त्याच्या जवळपासही जाईना. तासाभराने डिस्क अनमाउंट केली तेव्हा त्या सापडल्या. आता स्क्रिप्ट आधी डिस्क खरंच माउंट आहे का ते तपासते, नसेल तर तिथेच थांबते. शिवाय अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर' या कमांडने कुलूप लावलंय, म्हणजे त्यात काही लिहिताच येत नाही. ज्यांनी 'नोफेल' घातलंय त्यांनी या दोन गोष्टी आजच कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डेबियनने स्वतःहून एकदाही दगा दिला नाही. सुरक्षेची अपडेट आपोआप बसतात, रीस्टार्ट मी महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो. इमिचचं तसं नाही. नवी आवृत्ती घेण्याआधी तिच्या सूचना वाचाव्याच लागतात. रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने एक एन्क्रिप्टेड प्रत पुण्याला बहिणीकडे जाते. दर तीन महिन्यांनी तिथून एखादा फोल्डर परत उतरवून उघडून बघतो.

काकांचे फोटो आता नातेवाइकांकडून एकेक करून परत जमताहेत. मागच्या महिन्यात ग्वाल्हेरच्या मावशीने आजोबांच्या मुंजीचा फोटो पाठवला. तो मी स्वतः तीन ठिकाणी आहे ना ते बघितलं.

डेबियनची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, पण १२वीला सुरक्षेची अपडेट २०२८ पर्यंत मिळणार असल्याने घाई केलेली नाही. बाहेरच्या डिस्कच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे तिच्या तब्येतीच्या नोंदीत, वाचता न येणारे ८ सेक्टर दिसताहेत. या आठवड्यात नवी डिस्क आणतो, अपग्रेडचं त्यानंतर बघेन.