चेंबरचा ड्रेन बोल्ट बदलताना: कंपनीचा, चुंबकवाला की व्हॉल्व्ह?

घरी ऑईल बदलणाऱ्यांची चर्चा ऑईलपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०, मिनरल की सिंथेटिक. ते ऑईल ज्याच्या भरवशावर आत राहतं, तो इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचा, म्हणजे चेंबरचा, ड्रेन बोल्ट मात्र फडक्याने पुसून परत लावला जातो. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तेवढं पुरतंही. पण डोक्याचे कोपरे झिजले, पार्किंगच्या फरशीवर रोज एक थेंब दिसायला लागला, किंवा ऑनलाइन एखादा निळा चमचमता चुंबकवाला बोल्ट नजरेत भरला, की प्रश्न पडतो: आता कोणता घ्यावा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनीचाच बोल्ट, दर वेळी नवा वायसर, आणि पाना फिरवताना हात आवरता. बाकीचे पर्याय टाकाऊ नाहीत, पण ते ठरावीक गाड्यांनाच शोभतात.

आटे कशात आहेत?

बोल्ट निवडण्याआधी हे बघा. पत्र्याच्या चेंबरला स्टीलचा नट वेल्ड केलेला असतो, तिथले आटे सहजासहजी जात नाहीत. अल्युमिनियमच्या चेंबरला आटे थेट त्या मऊ धातूत पाडलेले असतात. दुचाकींचं प्रकरण त्याहून नाजूक. स्प्लेंडर किंवा अ‍ॅक्टिव्हासारख्या गाडीला कारसारखं खाली सुटं होणारं चेंबरच नसतं, ड्रेन बोल्ट सरळ इंजिनच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य कवचातच, जातो. कारचं चेंबर खराब झालं तर काढून दुसरं लावता येतं. क्रँककेस बदलायची म्हणजे इंजिन उतरवून अख्खं खोलायचं. स्टीलचा बोल्ट आणि अल्युमिनियमचे आटे यांच्या भांडणात हरतं ते अल्युमिनियमच, त्यामुळे बाइकवाल्यांनी कारवाल्यांपेक्षा जास्त जपायला हवं.

मग माप. टोयोटाच्या बऱ्याच कारना १२ मिमी व्यासाचा, १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) बोल्ट असतो. होंडा आणि ह्युंदाईच्या बहुतेक कारना १४ मिमी, १.५ पिच. घोळ इथेच होतो, कारण जुन्या पद्धतीच्या स्पार्क प्लगचे आटेही १४ मिमीचेच, पण पिच १.२५. गॅरेजात प्लगचे आटे पाडायचा टॅप हाताशी असतो, तो ड्रेनच्या भोकात घातला की सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि पुढे आटे कापत जातो. म्हणून नुसतं ‘१४चा द्या’ सांगून बोल्ट आणू नका. जुना सोबत न्या, दोन्हींचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरा. मधून उजेडाची फट दिसली तर तो बोल्ट तुमचा नाही. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर कितीही गर्दी असली तरी हे करायला लाजू नका.

कंपनीचा बोल्ट

साधा, स्टीलचा, षटकोनी डोक्याचा. याची तक्रार सहसा बोल्टमुळे नसते, पान्यामुळे असते. बारा कोनी रिंग पाना झिजलेल्या डोक्यावर घसरतो आणि उरलेसुरले कोपरेही खातो. सहा कोनी गोटी (सॉकेट) वापरली तर तोच बोल्ट वर्षानुवर्षं टिकतो. कोपरे गोल झाले असतील, आट्यांत चकाकणारे अल्युमिनियमचे तुकडे अडकलेले दिसत असतील किंवा वायसर टेकतो त्या जागेवर खाच पडली असेल, तर बदला. नाहीतर नाही.

अपवाद फोक्सवॅगन आणि स्कोडाचा. त्यांच्या बऱ्याच इंजिनांत वायसर बोल्टलाच अडकवलेला असतो, त्यामुळे दर वेळी अख्खा बोल्ट नवा लावायचा असतो. या समूहाच्या काही नव्या इंजिनांत तर चेंबर प्लॅस्टिकचं आणि बोल्टही प्लॅस्टिकचा, एकदाच वापरायचा. तिथे काटकसर करू नका.

घट्ट किती करायचा? अनेक कारचा आकडा ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, छोट्या दुचाकींचा त्याहून कमी. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. ३० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १५ किलोचा जोर. पान्याला पाइप जोडून, पाय रोवून जो जोर लागतो, तो याच्या कितीतरी पट होतो. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, असेल तर उत्तम. नसेल तर आखूड पाना घ्या आणि मनगटाने आवळा, खांद्याने नाही.

सुरुवात मात्र बोटांनीच. बोल्ट भोकावर टेकवून आधी उलटा फिरवा, आटा सुटून ‘टक’ झालेलं बोटाला कळतं, तिथून सुलट फिरवा. वायसर टेकेपर्यंत तो बोटांनी जायला हवा. मध्येच पाना घ्यावासा वाटला तर थांबा, आटा तिरका धरलाय.

चुंबकवाला

टोकाला चुंबक, तो लोखंडाचा चुरा धरून ठेवतो. कारमध्ये याचा उपयोग मला फारसा पटत नाही. ऑईल फिल्टर ते काम करतोच, आणि बेअरिंगचा तांबं-कथील-अल्युमिनियमचा थर झिजला तर चुंबकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण रोजच्या वापराच्या कम्युटर बाइकमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे गिअर आणि क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये फिरतात आणि स्प्लेंडरसारख्या इंजिनांत कागदी फिल्टर नसतो, जाळी आणि कचरा कडेला फेकून धरणारा फिरता फिल्टर असतो. गिअरचा चुरा धरायला चुंबक तिथे खरंच कामी येतो. टोकावर राखाडी मलम जमलेलं दिसलं तर घाबरू नका, ते नेहमीचं. बोटाला टोचणारी कपची निघाली तर मात्र मेकॅनिककडे जा.

स्वस्त बोल्टची भीती वेगळीच. साध्या निओडिमियम चुंबकाची ताकद ८० अंश सेल्सिअसच्या वर उतरायला लागते आणि इंजिनचं ऑईल १०० अंशांपर्यंत आरामात जातं. शिवाय चुंबक नुसता चिकटवलेला असेल तर तो निघून आत पडू शकतो. घ्यायचाच तर चुंबक बोल्टमध्ये दाबून बसवलेला घ्या. लांबी जुन्याएवढीच आहे ना, हेही मोजा.

ड्रेन व्हॉल्व्ह

बोल्टच्या जागी छोटा बॉल व्हॉल्व्ह, जपानच्या फुमोटोचा सगळ्यांत प्रसिद्ध. लिव्हर फिरवला की ऑईल खाली, पाना नको, वायसर नको, आटे झिजायचा प्रश्न नाही. जनरेटर किंवा ट्रॅक्टरला झकास. आपल्या हॅचबॅकला मी लावणार नाही, कारण तो चेंबरच्या खाली लोंबतो आणि आपले स्पीडब्रेकर आपल्याला माहीत आहेत. शिवाय भोक अरुंद असल्याने ऑईल सावकाश उतरतं. बाइकला तर विचारही नको.

वायसरचं थोडक्यात

तांब्याचा वायसर दाबला गेला की कडक होतो. गॅसवर लालसर तापवून गार केला की पुन्हा मऊ. अल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नका, तो लाल होण्याआधीच वितळतो. रबर लावलेला वायसर दोन-तीनदा चालतो, पण जास्त आवळला तर रबर चिरतं. दहा-वीस रुपयांची वस्तू, नवीच लावा. जुना वायसर चेंबरला चिकटून राहिलेला नाही ना हे आधी नखाने चाचपा. त्याच्यावर नवा बसला की कितीही आवळा, थेंब येतच राहतो.

आटे गेलेच असतील तर

गॅरेजात पहिला सल्ला मिळतो ओव्हरसाइज बोल्टचा, स्वतःच आटे कापत जाणारा. पत्र्याच्या चेंबरला, गाडी जुनी असेल तर, ठीक आहे. अल्युमिनियममध्ये तो तिरका गेला की भोकाची कड तडकते आणि कापलेला चुरा आत पडतो. टेफलॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील थापून गाडी चार दिवस काढेल, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका. टेपचा तुकडा सुटून ऑईल पंपाच्या जाळीला लागला तर तेलाचा मार्ग बंद.

दुसरा उपाय हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं. आटे मजबूत होतात, पण वेटोळ्याच्या फटीतून ऑईल झिरपू शकतं, त्यामुळे सीलंट लावावा लागतो. त्यापेक्षा भरीव बुश, म्हणजे आतून आटे असलेली नळी, बरा. असा बुश बसवायचं तयार टाइम-सर्ट किट मिळतं, नाहीतर चांगला टर्नर स्टीलचा बुश बनवून देतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असली कामं रोजची आहेत. क्रँककेसचे आटे गेले असतील तर मी थेट याच रस्त्याने जाईन. कारला मात्र आधी नव्या चेंबरचा भाव विचारा. बुशच्या मजुरीत थोडी भर घालून नवं चेंबर मिळत असेल तर तेच घ्या.

बुश बसवताना आतल्या तोंडावर ग्रीस लावलेलं फडकं ठेवायला सांगा, आणि नंतर अर्धा लिटर स्वस्त ऑईल ओतून उघड्या भोकातून वाहू द्या, उरलेला चुरा निघून जातो. बोल्टचं माप बदललं असेल तर ते सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. पुढच्या वेळी ऑईल बदलणारा दुसराच कोणी असला, तर तो जुन्या मापाचा बोल्ट घेऊन बसेल.